एक टिंब आणि दोन विष्णू

 

आजचा विषय टिंबाएवढा आहे. संगीताच्या जुन्या वह्यांमध्ये स्वरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात. कुठे टिंब, कुठे आडवी रेघ, कुठे शून्य. या खुणा कॉम्प्युटरवर उतरवताना काय होतं, आणि खूण सापडली नाही तर काय बिघडतं, याबद्दल आज बोलू. निमित्त आहे माझ्याच हातून झालेली एक चूक. व्हिडिओत मी मधूनमधून पेटीवर वाजवून दाखवलं होतं. पुस्तकात वाचताना तेवढे स्वर तुम्ही मनात म्हणा.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. नोकरीच्या निमित्तानं चंदीगडला आले आणि इथलीच झाले. संध्याकाळी सेक्टरमधली पाच-सहा मुलं पेटी शिकायला येतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना अंकलजी म्हणते. एक दिवस ते हातात कापडात गुंडाळलेली वही घेऊन वर आले. म्हणाले, "बेटा, ये बीजी की है. लाहौर की."

बीजी म्हणजे त्यांची आई. लग्नाआधी लाहोरात त्यांना गाणं शिकवायला एक मास्तर घरी येत, आणि ते मास्तर गांधर्व महाविद्यालयात शिकलेले होते, एवढं घरात सांगितलं जायचं. १९४७ साली घर सोडताना ट्रंकेत जे बसलं ते आलं, त्यात ही वही आली. अंकलजींचे वडील उर्दू वाचणारे आणि आई देवनागरी लिहिणारी. त्या काळच्या पंजाबातल्या बऱ्याच हिंदू घरांत असंच होतं. त्यामुळे वही देवनागरीत होती आणि मला वाचता येत होती.

निदान मला तसं वाटलं.

अंकलजींना एकच गाणं हवं होतं. बीजी ते रोज गायच्या. त्यांना चाल आठवत नव्हती, शब्दही अर्धेच आठवत होते. पण वहीत त्या शब्दांचं पान होतं. पानाचा वरचा भाग वाळवीनं खाल्लेला, म्हणजे रागाचं नाव आणि तालाच्या खुणा गेलेल्या. खाली स्वरांच्या ओळी मात्र स्पष्ट होत्या. मी म्हटलं, दोन दिवसांत देते.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. आपली स्वरलिपी देवनागरीत टाइप करून देणारं एक मोफत सॉफ्टवेअर मी वापरते. ते भातखंडे पद्धतीवर चालतं. ती पद्धत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी एकदा सांगते. शुद्ध स्वराला खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. तालात समेला फुली, खालीला शून्य. मींड असेल तर स्वरांवरून कमान, आणि कणस्वर असेल तर मूळ स्वराच्या डोक्याशी बारीक अक्षरात.

बीजींच्या वहीत रिषभ, गंधार आणि धैवत, तिघांखाली आडव्या रेघा होत्या. म्हणजे तिन्ही कोमल. मध्यम आणि निषाद कुठेच नाहीत. सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध. जाणकारांच्या लक्षात आलं असेल, हे भूपाल तोडीचे स्वर. सकाळचा राग. मला फार आनंद झाला.

पण टाइप करताना सॉफ्टवेअर मध्येच अडायला लागलं. वहीत षड्जाखाली आणि पंचमाखालीही रेघ होती. सॉफ्टवेअर 'सा'खाली रेघ द्यायला तयार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. सा आणि प हे अचल स्वर, ते कोमल होतच नाहीत. मी म्हटलं, शिकणारी मुलगी असेल, हात ओढला गेला असेल. रेघ गाळली.

काही स्वरांखाली बारीक शून्यं होती. शून्य म्हणजे खाली, हे माझ्या डोक्यात पक्कं. पण खाली कधी अशी दोन-दोन अक्षरं सोडून येते का? म्हटलं, तालाचा गोंधळ झालाय. शून्यं गाळली. अंतऱ्यात एका 'सा'वर उभी रेघ होती. उभी रेघ फक्त मध्यमावर येते, म्हणून सॉफ्टवेअरनं तीही घेतली नाही. मी समजले की विभागाची रेघ जरा सरकली असेल. धैवतावर एके ठिकाणी टिंब होतं, ते मात्र लगेच बसलं. वर टिंब म्हणजे तार सप्तक. स्थायीतच एकदम तार धैवत म्हणजे उडी मोठी होती, पण म्हटलं, मास्तर धीट असतील.

खूण बसली नाही की चूक लिहिणाऱ्या मुलीची, असं मी चार वेळा धरलं. शंका माझ्या वाचण्यावर घ्यावी, हे एकदाही सुचलं नाही.

छापलेला स्वच्छ कागद घेऊन मी खाली गेले आणि पेटीवर वाजवून दाखवलं. अंकलजींनी डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "ये वो नहीं है, बेटा. बीजी तो बत्ती जलने के वक़्त गाती थीं. ये तो सुबह जैसा कुछ है." मी त्यांना वही दाखवली, कागद दाखवला. हे पाहा, कोमल रिषभ, कोमल गंधार. लिहिलंच आहे ना? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "फिर मुझे ही ग़लत याद होगा." कागदाची घडी घालून त्यांनी वहीत ठेवली.

त्यानंतर काही महिने गेले. माझ्याकडची एक मुलगी परीक्षेची तयारी करत होती. चंदीगडला प्राचीन कला केंद्र ही १९५६ साली स्थापन झालेली संस्था आहे आणि तिच्या परीक्षांना इथली पुष्कळ मुलं बसतात. उत्तरेतल्या संगीत परीक्षांमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो : विष्णु दिगंबर आणि भातखंडे स्वरलिपींची तुलना करा. मीही तो एकेकाळी पाठ करून लिहिला होता, गुण मिळवले होते आणि विसरून गेले होते. ती मुलगी मोठ्यानं घोकत होती. एक मात्रा, स्वराखाली आडवी रेघ. अर्धी मात्रा, स्वराखाली शून्य. मंद्र सप्तक, स्वरावर टिंब. तार सप्तक, स्वरावर उभी रेघ.

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि तशीच उठून बाहेर आले.

आता या दोन विष्णूंबद्दल सांगायला हवं. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर. दोघंही मराठी, दोघंही एकाच काळातले, आणि दोघांनीही आपापली स्वरलिपी तयार केली. त्यांच्या आधी कोणी प्रयत्नच केला नव्हता असं नाही. बडोद्याला मौलाबक्ष यांनी १९व्या शतकातच स्वतःची स्वरलिपी करून पाठ्यपुस्तकं काढली होती. बंगालमध्येही असे प्रयत्न झाले होते. पण देशभर पसरल्या त्या या दोन.

पलुस्करांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा पुढे चालेना म्हणून गाण्याकडे वळवलं, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम झाली. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले आणि फिरत फिरत पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, तर लोकांच्या पैशावर. आपण ज्या खुणांबद्दल बोलतोय त्या डोळ्यांनी वाचायच्या खुणा आहेत, आणि त्या ठरवणाऱ्या माणसाला स्वतःला नीट दिसत नव्हतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

त्यांच्यासमोर वर्ग होता. दहा-वीस मुलं एका वेळी बसणार आणि सगळ्यांनी एकसारखं गायला हवं. गुरूच्या तोंडून एकेकानं उचलायचं, ही पद्धत तिथे पुरणार नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक स्वराखाली त्याचा काळच लिहून टाकला. एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. युरोपीय नोटेशनमध्ये जसं स्वराच्या आकारावरूनच तो किती वेळ धरायचा ते कळतं, तसंच हे. आता स्वराखालची जागा काळानं घेतली म्हटल्यावर सप्तकाच्या खुणा वर जाणार. टिंब वर असेल तर मंद्र, उभी रेघ वर असेल तर तार. आणि कोमल कसा दाखवायचा? त्या स्वराचा पाय मोडायचा, 'ग'चा 'ग्' करायचा.

भातखंडे १८६० सालचे, मुंबईत वाळकेश्वरचे, व्यवसायानं वकील. त्यांचं काम वेगळं होतं. रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या उस्तादांकडच्या चिजा गोळा करायच्या, रागांची व्यवस्था लावायची आणि ते सगळं छापून लोकांसमोर ठेवायचं. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग त्यातूनच उभे राहिले. इतक्या चिजा लिहायच्या तर लिपी हलकी हवी. त्यांनी काळ स्वराखाली न लिहिता जागेवर सोपवला. मात्रांचे रकाने पाडले, की ज्या रकान्यात स्वर बसला तीच त्याची मात्रा. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर खालून एक कमान. त्यामुळे स्वराखालची आडवी रेघ मोकळी झाली आणि तिला कोमलचं काम मिळालं.

म्हणजे दोन्ही पद्धती आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. त्रास होतो तो फक्त एकीचा चष्मा लावून दुसरी वाचली की. आडवी रेघ : एकीकडे एक मात्रा, दुसरीकडे कोमल. उभी रेघ : एकीकडे तार सप्तक, दुसरीकडे तीव्र मध्यम. वरचं टिंब : एकीकडे मंद्र, दुसरीकडे तार. शून्य : एकीकडे अर्धी मात्रा, दुसरीकडे खाली.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पलुस्कर १९०८ साली मुंबईला आले, १९३१ साली गेले. त्यांच्या शिष्यांनी, म्हणजे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर यांनी परंपरा चालवली, मोठी केली. पण लिहिण्याच्या व्यवहारात भातखंड्यांची सुटसुटीत लिपी जास्त रुजली. आज सॉफ्टवेअर करणारा मुलगा जी लिपी शिकलेला असतो, तीच तो सॉफ्टवेअरमध्ये घालतो. त्यात त्याचा दोष नाही. पण त्या यादीत जी खूण नाही ती चूक, असं आपल्याला नकळत वाटायला लागतं.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती उभी रेघ शोधताना मी पाश्चात्त्य नोटेशनच्या प्रोग्रॅममध्येही डोकावले. तिथे स्वर तोडून वाजवण्याच्या खुणांचा एक डबाच असतो : टिंब, उभी रेघ, पाचर. आजच्या शिकवणीत टिंब म्हणजे तोडून, रेघ किंवा पाचर म्हणजे अगदी तोडून. पण १८व्या शतकातली उभी रेघ पुष्कळदा 'तोडून वाजवा' एवढंच सांगते. बाख यांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमॅन्युएल यांनी १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात रेघ आणि टिंब या दोन्ही एकाच कामाच्या खुणा म्हणून दिल्या आहेत. मोझार्टच्या हस्तलिखितांत तर काही ठिकाणी टिंब कुठलं आणि रेघ कुठली, हेच ठरत नाही. पाचर, रेघ आणि टिंब यांचा मोझार्टकडे अर्थ काय, यावर जर्मनीत निबंधांची स्पर्धा लावली गेली आणि १९५७ साली पाच निबंधांचं पुस्तक निघालं. एका टिंबावर पाच निबंध! मला त्यांचा हेवा वाटला.

तिकडच्या लोकांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. २०१३ साली स्टाइनबर्ग कंपनीनं संगीताच्या खुणांसाठी एक प्रमाण मांडणी जाहीर केली, तिला स्मूफल म्हणतात. त्यात टिंब, रेघ आणि पाचर यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. अर्थ काय लावायचा तो वाचणारा लावेल, पण कागदावर जे दिसतंय ते तसंच उतरवता आलं पाहिजे, एवढी सोय त्यात आहे.

आपल्याकडे अजून जुगाडावर चालतं. तार षड्ज लिहायचा तर लोक 'सा'वर सरळ अनुस्वार देतात, 'सां'. मंद्राला खाली नुक्ता देतात. कोमलसाठी काही जण वेदमंत्रांमधली अनुदात्ताची आडवी रेघ वापरतात. दिसायला सगळं ठीक दिसतं. पण फाइलमध्ये 'धं' एवढंच राहतं. तो तार धैवत आहे की मंद्र, हे फाइल सांगू शकत नाही. ते माहीत असतं फक्त टाइप करणाऱ्याला, आणि तो गेला की कोणालाच नाही.

त्या दिवशी मी पुन्हा वही मागून आणली. आडव्या रेघा कोमलच्या नव्हत्याच, त्या मात्रा होत्या. सगळे स्वर शुद्ध. सा, रे, ग, प, ध. भूप! दिवेलागणीनंतर गायचा राग. स्थायीतलं 'ध'वरचं टिंब मंद्राचं होतं. म्हणजे जिथे सुरावट खाली उतरायची, तिथे मी तिला वर उडवलं होतं. अंतऱ्यातल्या 'सा'वरची उभी रेघ तार षड्जाची होती. म्हणजे जिथे वर जायचं तिथे मी खालीच बसून राहिले होते. शून्यं जागच्या जागी होती, अर्ध्या मात्रेची. त्या मुलीनं एक खूणही चुकवलेली नव्हती.

सगळ्यात लाज वाटली ती 'सा'खालच्या रेघेची. सॉफ्टवेअरनं पहिल्याच ओळीत सांगितलं होतं की ही रेघ कोमलची असूच शकत नाही. तोच पुरावा होता. मी तो गाळून पुढे गेले.

इथे चंदीगडला राहताना ही गोष्ट जरा जास्त लागते. हे शहर उभं राहिलं तेच मुळी लाहोर हातचं गेलं म्हणून. इथलं पंजाब विद्यापीठ मूळ लाहोरचं, १८८२ सालचं. सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयात गेलात तर गांधार शैलीची शिल्पं आणि पहाडी चित्रं दिसतील. त्यातला मोठा भाग लाहोरच्या संग्रहालयातून आलेला आहे. १९४८ साली त्या संग्रहाची वाटणी झाली, ६० टक्के तिकडे आणि ४० टक्के इकडे. त्या वाटणीच्या याद्या झाल्या, मोजदाद झाली. बीजींच्या वहीसारख्या गोष्टींची कुठेच नोंद नाही. त्या ट्रंकेतून आल्या आणि माळ्यावर गेल्या. त्यांच्याकडे लाहोरचा जो सूर आहे तो त्या खुणांमध्ये आहे. तो वाचताना आपण चुकलो, तर तपासायला दुसरी प्रत नाही.

मंडळी, तुमच्याही घरी अशी वही असेल. आजीची, आत्याची, कुणा मास्तरांची. ती कॉम्प्युटरवर उतरवणार असाल तर माझ्या चुकीवरून एवढं करा.

आधी प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढा, टाइप नंतर. मग 'सा' आणि 'प' शोधा. त्यांच्याखाली आडवी रेघ असेल तर ती लिपी भातखंड्यांची नाही, हे नक्की. मध्यम सोडून दुसऱ्या स्वरावर उभी रेघ दिसली, तरी तेच. पाय मोडलेला 'ग्' किंवा 'ध्' दिसला तर पलुस्करांची लिपी असण्याचा संभव मोठा. एखादी खूण कशातच बसली नाही तर ती गाळू नका, होती तशी काढून ठेवा आणि बाजूला लिहा की ही कळली नाही. टाइप केलेल्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर कुठल्या पद्धतीतून कुठल्या पद्धतीत आणलं, ते एका ओळीत लिहा. आणि ज्यांनी ते गाणं कानांनी ऐकलेलं आहे असं कोणी घरात असेल, तर त्यांचं म्हणणं कागदाच्या बरोबरीनं धरा. मी तेवढं केलं असतं तर हे भाषण करायची वेळ आली नसती.

दुसऱ्यांदा मी मुद्दाम संध्याकाळी खाली गेले. आधी माफी मागितली. चूक तुमच्या आठवणीची नव्हती, बीजींचीही नव्हती, माझी होती, असं सांगितलं. मग भूप वाजवला. स्थायी झाली, अंतरा सुरू झाला, आणि मी तार षड्जावर जायच्या आधीच अंकलजींनी उजवा हात वर नेला. "यहाँ ऊपर जाती थीं," ते म्हणाले. त्यांना चाल आठवत नव्हती असं ते सांगत होते, पण हाताला ती ठाऊक होती.

त्यांनी ते तीनदा वाजवायला लावलं. जुना कागद त्यांनी वहीतून काढून मला परत दिला. तो मी फाडला नाही. माझ्या पेटीच्या खोक्यात आहे, वर लाल शाईत लिहून ठेवलंय : चुकीचं वाचन.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरातल्या वह्या एकदा उघडून बघा, आणि 'सा'खाली रेघ सापडली तर जरूर कळवा.